तारखेची वाट पाहताना

(कर्जत येथे २७ जुलै २०२५ रोजी झालेल्या बैठकीतील भाषण, थोडं आवरून.)



आजचा विषय ऐकून दोघातिघांनी मला फोन केले. ख्रिस्ती आशा? आपल्या बैठकीत? आणि तू बोलणार? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी कोड लिहून पोट भरते, धर्मशास्त्राशी माझा संबंध वाचकापुरता. पण गेली काही वर्षं मोहल्ल्यातले, आजूबाजूच्या वाड्यांतले लोक माझ्याकडे मोबाईल घेऊन येतात आणि म्हणतात, "जरा तारीख बघ ना." ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. तारीख सांगितली की समोरचा माणूस ती हातावर किंवा रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर लिहून घेतो आणि जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. दोन तारखांच्या मधे तो काय करतो, कशावर जगतो, हे त्या ॲपमध्ये नसतं. मला आज त्यावर बोलायचं आहे. आणि त्यावर बोलायला मला सगळ्यात जास्त मदत झाली ती एका ख्रिस्ती धर्मगुरूची, जो आपल्याच रायगड जिल्ह्यात तारखेची वाट पाहत होता.

तळोजा कारागृह इथून फार लांब नाही. चौक, मोहोपे करत पनवेल, आणि पनवेलहून पुढे तळोजा. (पनवेल–कर्जत लोकलची वाट आपण किती वर्षं पाहतोय, तो विषय आज काढत नाही, नाहीतर बैठक तिथेच संपेल.) या कारागृहात फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० ते मे २०२१ असे जवळपास आठ महिने होते. ५ जुलै २०२१ ला ते गेले. या महिन्यात चार वर्षं झाली.

तरुण मुलांसाठी थोडक्यात सांगते. जन्म १९३७ चा, तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातला. विशीत येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात गेले. हा तोच संघ, ज्याच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी गोव्यात मराठीतून 'ख्रिस्तपुराण' रचलं. स्टॅन स्वामींनी दहाएक वर्षं बंगळूरला एका समाजसंस्थेचं संचालकपद सांभाळलं आणि नंतर झारखंडमध्ये आदिवासींच्या जमीन-जंगलाच्या प्रश्नात उतरले. रांचीजवळ नामकुमला 'बगईचा' नावाचं केंद्र उभं केलं. ८ ऑक्टोबर २०२० ला तिथूनच एनआयएने त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीए लावून उचललं. वय ८३. त्या प्रकरणात अटक झालेल्या सोळा जणांमध्ये सर्वांत वयस्कर. आपण भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही, असं त्यांनी अटकेच्या आधी व्हिडिओवर सांगून ठेवलं होतं.

त्यांना अटक होण्याआधीचं त्यांचं एक काम इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण बातम्यांमध्ये ते मागे पडलं. झारखंडच्या तुरुंगांत नक्षलवादी म्हणून कोंबलेले आदिवासी तरुण वर्षानुवर्षं खटल्याशिवाय पडून आहेत, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरेक कच्च्या कैद्यांची माहिती गोळा केली, २०१६ मध्ये अहवाल काढला, आणि या कैद्यांसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. म्हणजे कच्च्या कैद्यांसाठी दाद मागणारा माणूस स्वतः कच्चा कैदी झाला. ज्या रांगेची तो तक्रार करत होता, त्याच रांगेत त्याला उभं केलं गेलं.

आता तळोजा. त्यांना पार्किन्सन्स होता. हात थरथरायचे, पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेताना सांडायचा. ६ नोव्हेंबर २०२० ला त्यांनी विशेष न्यायालयात अर्ज केला की अटकेच्या वेळी माझ्या पिशवीत असलेला सिपर आणि स्ट्रॉ मला परत द्यावा. एनआयएने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला उत्तर आलं: आमच्याकडे तो नाही. अर्ज निकाली. मग पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तारीख, या वेळी सिपरबरोबर थंडीचे कपडेही. देशभरातले लोक कुरिअरने तुरुंगाच्या पत्त्यावर स्ट्रॉ पाठवू लागले, तेव्हा त्या प्लास्टिकच्या नळीची बातमी झाली.

पुष्कळांनी यावर संताप केला, आणि तो योग्यच होता. पण मी त्या अर्जाकडे वेगळ्या बाजूने बघते. ८३ वर्षांचा, प्रार्थनेत आयुष्य घालवलेला माणूस. तो म्हणू शकला असता की देवाने दिलेलं दुःख आहे, निमूट सोसतो. तसं म्हटलं असतं तर आपण त्याला संत म्हणून हार घातला असता. त्याने तसं केलं नाही. त्याने अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला तेव्हा दुसरा अर्ज केला. २२ ऑक्टोबरला वैद्यकीय कारणावरचा जामीन नाकारला गेला, म्हणून नियमित जामीन मागितला. २२ मार्च २०२१ ला तोही नाकारला गेला, म्हणून उच्च न्यायालयात गेला. त्याची श्रद्धा आणि त्याचा अर्ज यांच्यात त्याला काही विरोध वाटला नाही. माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

आपल्या घरांत 'सब्र' हा शब्द कसा वापरतात ते आठवा. नवऱ्याने मारलं, सब्र कर. पोलिसांनी मुलाला उचललं, सब्र कर. नोकरीच्या मुलाखतीत आडनाव ऐकून चेहरा बदलला, सब्र कर. मराठीत हेच 'धीर धर' होतं. या दोन्ही शब्दांचा अर्थ आपण 'गप्प बस' असा करून टाकला आहे. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. ख्रिस्ती घरांमध्येही क्रूस वाहणं म्हणजे तक्रार न करणं, असं शिकवून बायकांना आणि गरिबांना गप्प बसवलं गेलं आहे. माझ्या वसईकडच्या मैत्रिणींनी मला हे सांगितलं आहे, मी कुठून वाचून सांगत नाही.

पण त्यांच्या ग्रंथात नेमकं काय आहे? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' अनेकांना माहीत असेल. दिब्रिटो परवाच्याच तारखेला, २५ जुलैला, गेल्या वर्षी गेले. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मावरून त्यांना विरोध करणारे फोन आले, तरी ते आजारी अवस्थेत धाराशिवला गेले. त्या मराठीत बायबल वाचताना माझ्या लक्षात पहिली गोष्ट आली की त्यातली काही पत्रं चक्क तुरुंगातून लिहिलेली आहेत. पौल हा येशूचा प्रेषित, रोमी राजवटीचा कैदी, आणि बाहेरच्या लोकांना पत्रं लिहून धीर देणारा. दुसरी गोष्ट त्याच पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली. आपल्याला वाटतं आधी माणसाकडे आशा असते आणि तिच्या बळावर तो संकट सोसतो. पौल क्रम उलटा लावतो. आधी संकट, त्यातून टिकून राहणं, टिकून राहताना माणसाची पारख, आणि आशा सगळ्यांत शेवटी. आशा ही त्याच्या हिशेबात भांडवल नाही, ती हळूहळू होणारी कमाई आहे. ज्याच्याकडे आज आशा नाही त्याला हे वाचून अपराधी वाटायचं कारण उरत नाही. तो अजून मधल्या पायरीवर आहे, एवढंच.

तिसरी गोष्ट शनिवारची. गुड फ्रायडे सगळ्यांना माहीत आहे, ईस्टरचा रविवार माहीत आहे. क्रूसाबद्दल त्यांची श्रद्धा वेगळी आहे आणि आपली वेगळी, तो वाद घालायला आपण इथे जमलेलो नाही. पण त्या दोन दिवसांच्या मधे एक शनिवार असतो. त्या शनिवारी काहीच घडत नाही. गुरू मेला आहे, थडग्यावर दगड लावला आहे, शिष्य घाबरून दडले आहेत. रविवार येणार आहे हे आज आपल्याला माहीत आहे, त्या शनिवारी बसलेल्यांना माहीत नव्हतं. ख्रिस्ती परंपरेने हा दिवस वगळला नाही, दरवर्षी पाळला. मला वाटतं आपल्या देशातल्या कच्च्या कैद्याचं सगळं आयुष्य म्हणजे असा एक शनिवार आहे. भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे आहेत. शिक्षा झालेली नाही, सुटकाही झालेली नाही.

आणि गप्प बसण्याचं म्हणाल, तर त्यांच्या स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे उघड तक्रारी आहेत. किती दिवस? का? कुठे आहेस? खुद्द येशू क्रूसावर देवाला जाब विचारतो. ईयोबाची, म्हणजे आपल्या हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांची गोष्ट घ्या. बायबलमध्ये त्याचे मित्र येतात. सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तोवर ते चांगले मित्र असतात. मग तोंड उघडतात आणि त्याला समजावू लागतात की तुझंच काही चुकलं असेल. शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्यांवर.

हे समजावणारे आपण दोन वर्षांपूर्वी इथेच पाहिले. १९ जुलै २०२३ ची रात्र, इर्शाळवाडी. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर आदिवासींची वाडी रात्री झोपेत दरडीखाली गेली. वर गाडी जात नव्हती, यंत्रं चढवता येत नव्हती. एनडीआरएफचे जवान, ट्रेकर, आपली पोरं हातातल्या कुदळ-फावड्यांनी उकरत होती. पाऊस थांबत नव्हता. २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबवला. ५७ माणसं त्या मातीतच राहिली आणि सरकारी कागदावर मृत ठरली. आश्रमशाळेत राहणारी काही मुलं वाचली, त्यांच्या घरी परतायला घर नव्हतं. आणि तेव्हा टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर काय चाललं होतं? डोंगराखाली राहिलेच कशाला? आधी सांगितलं असेल, ऐकलं नसेल. प्रत्यक्षात ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. अय्यूबच्या मित्रांसारखे आपण सात दिवससुद्धा गप्प बसलो नाही.

ज्याचं माणूस मिळालंच नाही त्याची वाट पाहणं वेगळं असतं. एरवी बेपत्ता माणसाला कायद्याने मृत मानायला सात वर्षं जावी लागतात. इथे ते चार-पाच दिवसांत ठरलं, आणि ते बरोबरच होतं, नाहीतर मागे राहिलेल्यांना मदत मिळाली नसती. पण कागद झाला म्हणून डोळ्यांना कळतं असं नाही. मराठीत आपण वाट 'पाहतो', नजर रस्त्यावर असते. त्या कुटुंबांच्या नजरेसमोरचा रस्ताच गाडला गेला होता. पुढे सिडकोने चौकजवळ ४४ घरांची वसाहत बांधली. तोपर्यंत माणसं पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहिली, उन्हाळ्यातही. तिथे जाणाऱ्या कार्यकर्त्यांना बायकांनी घरांबद्दल विचारलं, शाळेबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं. मेलेल्यांबद्दल क्वचित. मला ते विस्मरण वाटत नाही. नळाला पाणी कधी येणार, असं विचारणारी बाई उद्याचा दिवस धरून चालली आहे.

आपल्याकडे याचा फार मोठा दाखला आहे आणि तो दोन्ही ग्रंथांत आहे. हजरत याकूब आणि हजरत युसूफ. बाप मुलाची वाट पाहतोय, रडून रडून दृष्टी गेली आहे. पोरं त्याच्यावरच चिडतात, किती आठवण काढाल म्हणून. सुंदर सब्र कशाला म्हणावं हे कुरआनात या बापाच्या तोंडी आहे, आणि तोच बाप डोळे जाईपर्यंत रडतो. म्हणजे सब्र आणि रडणं एकत्र नांदू शकतं. एवढंच नाही, पोरांना तो सांगतो की जा, युसूफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीवरून उमेद सोडू नका. आशा आणि शोध त्याने एका दमात सांगितले आहेत. घरी बसून उमेद ठेवा, असं नाही म्हणाला.

आणि युसूफ? खोट्या आरोपावरून तुरुंगात. आजच्या भाषेत कच्चा कैदी. सोबतचा एक कैदी सुटणार असतो, त्याला तो सांगतो की बाहेर गेल्यावर तुझ्या मालकाकडे माझी गोष्ट काढ. हाही अर्जच झाला. तो माणूस बाहेर जातो आणि विसरतो. युसूफ आणखी काही वर्षं आत राहतो. बायबलमध्येही हेच आहे, तिथे दोन वर्षं म्हटलं आहे. सुटलेला माणूस आत राहिलेल्याला विसरतो, ही गोष्ट दोन्ही ग्रंथांनी का नोंदवून ठेवली असेल याचा मी बऱ्याचदा विचार करते.

तळोजात मात्र विसरणारे नव्हते. स्टॅन स्वामींनी आतून लिहिलेल्या पत्रांमधून कळतं की अरुण फरेरा त्यांना न्याहारी-जेवणाला मदत करायचे, व्हर्नन गोन्साल्विस आंघोळ घालायचे. त्यांच्या कोठडीतले दोघे कैदी त्यांचे कपडे धुवायचे, गुडघे चोळून द्यायचे. दोघेही अगदी गरीब घरचे. या दोघांसाठी प्रार्थना करा, असं त्यांनी बाहेरच्यांना कळवलं. स्वतःसाठी नाही. तुरुंगात शंभर दिवस झाले तेव्हाच्या पत्रातला पिंजऱ्यातल्या पाखराचा उल्लेख पुढे पोस्टरवर गेला. मला त्या पत्रातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, जिथे ते सांगतात की इथल्या कितीतरी गरीब कैद्यांना आपल्यावर आरोप काय आहे हेच माहीत नाही, आरोपपत्र त्यांनी पाहिलेलं नाही, वकील नाही. ८३ वर्षांचा आजारी माणूस आतूनही आपलं जुनं सर्वेक्षण पुढे चालवतच होता.

२१ मे २०२१ ला उच्च न्यायालयाने त्यांच्याशी व्हिडिओवर संवाद केला. त्यांनी सांगितलं की आलो तेव्हा मी स्वतः जेवू शकत होतो, लिहू शकत होतो, चालू शकत होतो, आता एकेक गोष्ट जात चालली आहे. सरकारी रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. मला अंतरिम जामीन द्या, रांचीला माझ्या माणसांत जाऊ द्या, नाहीतर मी इथेच मरेन, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आठवड्याने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायचा आदेश झाला. तिथे कोविड निघाला. ५ जुलैला दुपारी त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. सुनावणी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी न्यायमूर्तींना सांगितलं की तासाभरापूर्वी, १ वाजून २४ मिनिटांनी, ते गेले.

मग आशेचं काय झालं? रविवार आलाच नाही की. हा प्रश्न मला एका मुलाने विचारला होता, आणि तो टाळून हे भाषण पुरं होणार नाही. आशा म्हणजे आपल्या मनासारखा निकाल, असं धरलं तर स्टॅन स्वामी हरले. पण त्यांनी निकालाची हमी कधी धरलीच नव्हती. अटकेआधीच्या त्या व्हिडिओत ते सांगतात की हे माझ्या एकट्याबाबत घडत नाही, देशभर अनेकांबाबत घडतं आहे, आणि त्याची किंमत द्यायला मी तयार आहे. ख्रिस्ती माणूस मरणापलीकडच्या जीवनावर आशा ठेवतो, ती त्यांच्याकडे नक्कीच असेल. त्याबद्दल बोलायचा अधिकार मला नाही. मला दिसतं ते अलीकडचं. स्वतःची तारीख पुढे पुढे ढकलली जात असताना त्यांनी दुसऱ्यांच्या तारखेचा विचार सोडला नाही. पौलाच्या क्रमातली शेवटची पायरी अशीच दिसत असावी.

आणि गोष्ट ५ जुलैला संपलीही नाही. इथे माझ्या धंद्यातली एक बाब आहे. 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकी कंपनीने बचाव पक्षाच्या वतीने त्यांच्या संगणकाच्या हार्ड डिस्कची प्रत तपासली. डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल बाहेर आला. त्यांचं म्हणणं, बाहेरच्या घुसखोराने संगणकात शिरून आक्षेपार्ह कागदपत्रं ठेवली, आणि जप्तीच्या आदल्या दिवशी, ११ जून २०१९ ला, आपल्या पाऊलखुणा पुसण्याचा प्रयत्न केला. तपास यंत्रणेने आर्सेनलचे अहवाल मान्य केलेले नाहीत, आणि साक्षीपुराव्याच्या कसोटीवर हा अहवाल न्यायालयात अजून तपासला गेलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण हार्ड डिस्कवरच्या नोंदी ही आमच्या क्षेत्रात तपासता येण्यासारखी गोष्ट आहे. एक कंपनी म्हणते म्हणून खरं मानू नका, सरकार म्हणतं म्हणूनही मानू नका. तिसऱ्या तज्ज्ञाला प्रत द्या, तो सांगेल. झेवियर्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी स्टॅन स्वामींचं नाव निष्कलंक व्हावं म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली आहे. ती प्रलंबित आहे. मेलेल्या माणसाचीही तारीख लागते.

कुरआनात युसूफला राजाचं बोलावणं येतं, तुरुंगाचं दार उघडतं, तेव्हा तो लगेच बाहेर पडत नाही. आधी त्या बायकांच्या प्रकरणाची चौकशी करा म्हणतो. सुटका हवी होतीच, पण डागासकट नको. बायबलमधल्या गोष्टीत हा प्रसंग नाही. फादर मस्करेन्हसांच्या याचिकेबद्दल वाचलं तेव्हा मला आपल्या किताबातला हाच प्रसंग आठवला.

गेल्या सोमवारी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. एकोणीस वर्षं. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी सुनावली होती. त्या पाचांतला एक, कमाल अन्सारी, २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला. तो मेल्यानंतर चार वर्षांनी निर्दोष ठरला. गुरुवारी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांसाठी दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला लावलं नाही. म्हणजे अजून टांगणी आहेच. सोमवारपासून आपल्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत आहेत. मी त्यात सामील झाले नाही, कारण त्या संध्याकाळी लोकलमध्ये १८० हून जास्त माणसं मेली. त्यांच्या घरचेही एकोणीस वर्षं वाट पाहत होते. त्यांना सोमवारी एवढंच कळलं की ज्यांनी केलं म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याविरुद्ध ते सिद्ध झालं नाही. मग कोणी केलं? ही वाट पाहणारी माणसंही आपलीच आहेत. कर्जत लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता कामाचं. यूएपीए सारख्या कायद्यात जामीन फार कठीण आहे, तरी खटला अतोनात लांबला तर तिथेही जामीन देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब प्रकरणात म्हटलं आहे. स्टॅन स्वामींना भरवणारे-न्हाऊ घालणारे फरेरा आणि गोन्साल्विस यांना २८ जुलै २०२३ ला जामीन मिळाला, उद्या दोन वर्षं होतील. पण आपल्या भागातले बहुतेक कैदी अशा मोठ्या केसमधले नाहीतच. चोरी, मारामारी, भांडण. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळावा, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळानंतर. एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर हे लागू होत नाही. हे कैद्याला माहीत नसतं, घरच्यांना तर नसतंच.

आमच्या गल्लीतल्या एक चाची दर महिन्याला तारीख बघायला यायच्या. एकदा मी आधीचे आदेश उघडून वाचले तर जामीन चार महिन्यांपूर्वीच मंजूर झालेला. जामीनदार मिळाला नव्हता. ज्याच्याकडे सातबारा आहे तो या कामाला पुढे येत नाही, आणि जो पुढे येतो त्याच्याकडे ऐपतीचा दाखला नसतो. पोरगा जामीन मिळूनही आत, आणि चाची सब्र करून बसलेल्या. अशांसाठी केंद्राची गरीब कैद्यांना मदत करणारी योजना २०२३ पासून आहे. विधी सेवा प्राधिकरण अलिबागला आहे, तालुक्याच्या न्यायालयांत समित्या आहेत, मोफत वकील मिळतो, १५१०० हा फोन नंबर आहे. चाचींच्या बाबतीत शेवटी जामिनाची रक्कम कमी करण्याचा अर्ज करावा लागला. दोन तारखा गेल्या. पोरगा आता पेंटिंगच्या कामावर जातो.

तर मी एक वही आणली आहे. ज्यांच्या घरचं किंवा ओळखीतलं कोणी तळोजात, अलिबागच्या जिल्हा कारागृहात किंवा कल्याणला आहे, त्यांनी नाव, अटकेची तारीख आणि असेल तर सीएनआर नंबर लिहून द्यावा. नंबर नसेल तर पोलीस स्टेशन आणि गुन्हा क्रमांक चालेल. वाडीवरच्या लोकांचंही आणा, आपल्याच मोहल्ल्याचं नको. आपल्या दोन वकील साथींनी पुढचे तीन रविवार दिले आहेत. पहिल्या रविवारी फक्त एवढं बघू की कोणाचा जामीन होऊनही तो आत आहे. मी मागच्या टेबलावर बसते. चहा घेऊन या.